वैज्ञानिक सदृशीकरणातील घटकाधिष्ठित आज्ञावली-रचना

निसर्गातील एखाद्या घटनेमागील भौतिक नियम समीकरणांत मांडून, ती समीकरणे संगणकाकडून सोडवून घेऊन त्या घटनेचा क्रम आकड्यांच्या रूपात उभा करणे याला वैज्ञानिक सदृशीकरण म्हणतात. अशा सदृशीकरणाची आज्ञावली (संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या सूचनांचा संच) एकसंध न लिहिता, स्वतंत्रपणे लिहिता, तपासता व बदलता येतील अशा घटकांची जुळणी करून ती तयार करण्याच्या पद्धतीला घटकाधिष्ठित रचना म्हणतात. घटक म्हणजे आज्ञावलीचा असा भाग की, ज्याच्या अंतर्भागाची माहिती इतर भागांना असण्याची गरज नसते. त्याला कोणत्या राशी द्यावयाच्या, कोणत्या एककांत व केव्हा द्यावयाच्या आणि त्याच्याकडून कोणत्या राशी परत मिळतील, एवढेच निश्चित केलेले असते. देवघेवीच्या या निश्चित नियमांना घटकाचे अंतरापृष्ठ म्हणतात. मच्छीमार होडीच्या पाठीमागे बसविण्याचे यंत्र कोणत्याही कारखान्याचे असले, तरी ते अडकविण्याची जागा व रीत ठरलेली असल्यामुळे होडी न बदलता यंत्र बदलता येते. अंतरापृष्ठाचे कार्यही याच प्रकारचे आहे.

सदृशीकरणाचा विषय वातावरण, महासागर, नदीखोरे, अणुभट्टी किंवा विमानाभोवतालचा वायुप्रवाह असा व्यापक असतो, तेव्हा एकाच आज्ञावलीत अनेक विज्ञानशाखांचे ज्ञान एकत्र आणावे लागते. ती लिहिणारे लोक निरनिराळ्या संस्थांत, पुष्कळदा निरनिराळ्या देशांत असतात. आज्ञावलीचे आयुष्य काही दशकांचे, तर ज्या महासंगणकावर ती चालते त्याचे आयुष्य थोड्या वर्षांचेच असते. त्यामुळे संपूर्ण आज्ञावली पुन्हा न लिहिता तिचा एखादा भाग बदलता येणे आवश्यक ठरते. भाग वेगळे ठेवूनही निसर्गातील त्यांचा परस्परसंबंध आणि संगणकाचा वेग ही दोन्ही कशी राखावयाची, हा या रचनेपुढील मुख्य प्रश्न होय. प्रस्तुत नोंदीत त्याचे विवरण मालवणच्या किनाऱ्यावरील समुद्रस्थिती आणि पुणे येथील मॉन्सूनचे प्रतिमान या दोन उदाहरणांच्या आधारे केले आहे.

मालवण किनाऱ्याचे उदाहरण : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली, देवबाग व तळाशील येथील मच्छीमाराला होडी समुद्रात लोटण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : आज व उद्या समुद्र कसा राहील? हे उत्तर मात्र अनेक घटनांच्या मेळातून तयार होते. किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांपैकी काही जवळच्या वाऱ्याने उठलेल्या असतात. काही हिवाळ्यात अरबस्तानाकडून वाहणाऱ्या शमाल नावाच्या वायव्य वाऱ्यांमुळे उत्पन्न होऊन कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. आणखी काही थेट दक्षिण हिंदी महासागरातील वादळांपासून निघालेल्या असतात. पंधरा सेकंद आवर्तकाल असलेल्या लाटांची ऊर्जा खोल पाण्यात दिवसाला सु. १,००० किमी. अंतर जाते. म्हणजे ४०° दक्षिण अक्षांशाजवळ उठलेली लाट सु. सहा दिवसांनी मालवणला पोहोचते आणि किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही समुद्र खवळलेला दिसतो.

अशा लाटेची खोल पाण्यातील लांबी सु. ३५० मी. असते. पाण्याची खोली या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की, लाटेला समुद्रतळाची जाणीव होऊ लागते, तिचा वेग घटतो आणि दिशा वळते. कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याभोवतालचे खडक यांमुळे मालवण बंदरात लाटांचा जोर मोडतो. समुद्र आणि कर्ली नदीची खाडी यांच्यामधील देवबागच्या चिंचोळ्या वालुकामय पट्टीला असे संरक्षण नाही व तिची धूप होत आली आहे. भरती-ओहोटीमुळे पाण्याची खोली दिवसातून दोनदा बदलते. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या गड, कर्ली इ. आखूड नद्यांना पूर आलेला असतानाच उधाणाची भरती असेल, तर खाडीतील पाणी समुद्रात न जाता आजूबाजूच्या भूमीवर पसरते [⟶ भरती-ओहोटी]. अशा रीतीने वारा, लाटा, प्रवाह, भरती, पाऊस व नदी यांपैकी कोणताही एक विषय दुसऱ्यापासून पूर्णतः वेगळा करता येत नाही. तथापि या प्रत्येकाचे शास्त्र, त्याची समीकरणे आणि ती सोडविण्याच्या रीती भिन्न आहेत.

आकडेमोडीची रीत : समीकरणे सोडविण्याकरिता अवकाशाचे लहानलहान कोष्ठांत विभाजन करतात. या कोष्ठांच्या रचनेला जालक म्हणतात. प्रत्येक कोष्ठातील तापमान, दाब, वेग इ. राशींची मूल्ये कालाच्या छोट्या टप्प्याटप्प्यांनी पुढे नेली जातात. आर. कूरांट, के. फ्रीड्रिख्स व एच. लेव्ही या गणितज्ञांनी १९२८ मध्ये दाखविल्याप्रमाणे, साध्या रीतीत कालटप्पा एवढा लहान घ्यावा लागतो की, त्या अवधीत कोणतीही हालचाल एका कोष्ठापलीकडे जाऊ नये. नाहीतर उत्तरे भरकटतात. दहा मीटर खोल पाण्यात लांब लाटेचा वेग सेकंदाला सु. १० मी. असतो. देवबागजवळ १०० मी. रुंदीचे कोष्ठ घेतल्यास कालटप्पा १० सेकंदांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. वातावरणात सेकंदाला सु. ३०० मी. वेगाने जाणारे तरंग विचारात घेतल्यास १२ किमी. रुंदीच्या कोष्ठांना ४० सेकंदांचा टप्पा पुरतो. ही मर्यादा शिथिल करणाऱ्या अधिक गुंतागुंतीच्या रीतीही उपलब्ध आहेत.

आता देवबागचा किनारा दिसावा म्हणून वातावरणाचे कोष्ठही १०० मीटरांचे केले, तर लांबी-रुंदीत मिळून कोष्ठांची संख्या १४,४०० पट आणि कालटप्प्यांची संख्या १२० पट होईल. म्हणजेच एकूण काम सु. १७ लक्ष पट वाढेल. हे व्यवहार्य नसल्याने प्रत्येक घटनेला तिच्या प्रकृतीनुसार स्वतंत्र जालक व स्वतंत्र कालटप्पा देणे हाच मार्ग उरतो. वैज्ञानिक सदृशीकरणात आज्ञावलीचे घटक पाडण्याचे मूळ कारण केवळ लिखाणाची सोय हे नसून निसर्गातील मापांची ही विषमता आहे.

इतिहास : एल. एफ्. रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये हवामानाचा अंकीय अंदाज करण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत त्यांनी पृथ्वीपृष्ठाचे कोष्ठ पाडून, अनेक माणसांनी एकाच वेळी आकडेमोड करून परस्परांना उत्तरे कळविण्याची कल्पना मांडली होती. विद्युत् संगणकावरील पहिले अंकीय अंदाज १९५० मध्ये अमेरिकेत एनियाक या यंत्रावर करण्यात आले. प्रिन्स्टन येथील स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये वातावरण व महासागर यांचे पहिले संयुक्त प्रतिमान प्रसिद्ध केले. महासागराचे बदल अतिशय मंद असल्याने त्यात वातावरणाचे एक वर्ष व महासागराची शंभर वर्षे अशी जोडी घालण्यात आली होती. दोन घटकांच्या कालमानांतील तफावत तेव्हापासून या विषयाशी निगडित आहे.

आज्ञावलीचे भाग कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे तयार मिळावेत, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मांडली. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये भाग पाडण्याची कसोटी सांगितली. कामाच्या क्रमानुसार भाग न पाडता, पुढे बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. शास्त्रज्ञांच्या आज्ञावल्या मात्र बहुधा फॉर्ट्रान भाषेत लिहिल्या जात व त्यांतील राशी सामाईक साठ्यात ठेवण्याची प्रथा होती. सामाईक साठ्यातील राशी कोणताही भाग बदलू शकत असल्याने, एका ठिकाणी केलेल्या दुरुस्तीचा परिणाम दुसरीकडे अनपेक्षितपणे दिसून येई. आज्ञावली मूळ लेखकांशिवाय इतरांना हाताळणे दुष्कर होई.

समांतर संगणकांमुळे हा प्रश्न अधिक तीव्र झाला. हजारो प्रोसेसरांमध्ये निरोपांची देवघेव कशी व्हावी याचे एमपीआय हे सर्वमान्य मानक १९९४ मध्ये निश्चित झाले. फ्रान्समधील तूलूझ येथील सेर्फाक्स या संस्थेत ओअॅसिस या संयोजकाचे काम १९९१ मध्ये सुरू झाले. अमेरिकेतील राष्ट्रीय प्रयोगशाळा व विद्यापीठे यांतील संशोधकांनी १९९८ मध्ये सामाईक घटक-रचनेसाठी मंडळ स्थापन केले. या रचनेत प्रत्येक घटक आपण कोणती सेवा पुरवितो व कोणती सेवा वापरतो हे वेगवेगळ्या ‘द्वारां’नी जाहीर करतो आणि प्रत्यक्ष जोडणी नंतर केली जाते. फॉर्ट्रान, सी++ व पायथन अशा भिन्न भाषांतील घटकांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी बेबेल नावाचे साधनही करण्यात आले. ही विशिष्ट प्रणाली सर्वत्र रूढ झाली नाही, तरी तिच्यातील विचार पुढील साधनांत आढळतात. हवामान व महासागर यांच्या प्रतिमानांकरिता २००२ पासून विकसित झालेली ईएसएमएफ ही चौकट त्यांपैकी प्रमुख होय. तिच्यात प्रत्येक घटकाला प्रारंभ, चालन व समाप्ती अशी तीन कार्ये असतात आणि त्याच्या आयात व निर्यात राशी स्वतंत्रपणे मांडलेल्या असतात.

रचना : संयुक्त प्रतिमानात सामान्यतः तीन प्रकारचे भाग असतात. (१) निसर्गाच्या एकेका अंगाचे सदृशीकरण करणारे घटक : वातावरण, महासागर, भूपृष्ठ, समुद्रबर्फ, लाटा, नदी इत्यादी. (२) संयोजक : हा एका घटकाने दिलेली राशी दुसऱ्या घटकाच्या जालकावर बसवून देतो, एककांचे रूपांतर करतो आणि देवघेवीची वेळ सांभाळतो. (३) चालक : हा सर्वांना योग्य क्रमाने हाक मारतो. घटकांनी एकमेकांशी परस्पर संबंध न ठेवता केवळ संयोजकाशी बोलावे अशी शिस्त ठेवल्यास, एक घटक बदलताना इतरांना धक्का लागत नाही.

वातावरणाच्या घटकाकडून महासागराला वाऱ्याचा रेटा, उष्णता, सूर्यप्रकाश आणि पावसाचे गोडे पाणी मिळते. महासागराकडून वातावरणाला पृष्ठभागाचे तापमान मिळते. लाटांचा घटक वाऱ्याकडून ऊर्जा घेतो आणि समुद्रपृष्ठाचा खडबडीतपणा परत देतो. हा खडबडीतपणा वाढला की वाऱ्याला होणारा विरोध वाढतो. या देवघेवीत दर सेकंदाला एकक क्षेत्रफळातून जाणाऱ्या राशीला अभिवाह म्हणतात. संयोजकाचे बहुतेक काम अभिवाहांशी निगडित असते.

अक्षय्यता : वस्तुमान, ऊर्जा व संवेग यांच्या अक्षय्यतेचे नियम प्रत्येक घटकात पाळले गेले, तरी घटकांच्या सांध्यावर ते मोडण्याचा धोका असतो. समजा, मालवणजवळ वातावरणाचे २५ किमी. बाजूचे एक कोष्ठ आहे. त्याचे क्षेत्रफळ ६२५ चौ. किमी. असून त्याचा ६० टक्के भाग भूमीवर व ४० टक्के भाग समुद्रावर येतो. त्यात एका दिवसात सर्वत्र १०० मिमी. पाऊस पडला, तर एकूण पाणी ६·२५ कोटी घ. मी. होते. त्यापैकी ३·७५ कोटी घ. मी. भूमीवर व २·५ कोटी घ. मी. समुद्रावर पडले पाहिजे. परंतु कोष्ठाचा मध्यबिंदू भूमीवर आहे एवढ्यावरून भूपृष्ठाच्या घटकाने सर्व पाणी आपले मानले आणि महासागराच्या घटकाने आपल्या नकाशानुसार ४० टक्के घेतले, तर हिशेबात ८·७५ कोटी घ. मी. पाणी येते. २·५ कोटी घ. मी. पाणी निसर्गात नसताना आज्ञावलीत निर्माण झालेले असते. दोन्ही घटक आपापल्या ठिकाणी बरोबर असूनही उत्तर चुकते.

यावर उपाय म्हणून दोन्ही जालके एकमेकांवर ठेवून त्यांच्या छेदांमुळे होणाऱ्या तुकड्यांचे एक देवघेव-जालक करतात आणि प्रत्येक तुकड्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात अभिवाह वाटतात. तापमानासारख्या राशींकरिता मात्र गुळगुळीत अंतर्वेशन (ज्ञात बिंदूंवरून मधल्या बिंदूंची मूल्ये काढणे) चालते. कोणत्या राशीला कोणती रीत लावावयाची हे अंतरापृष्ठातच नमूद असणे इष्ट असते.

लहान चुका दीर्घ काळात कशा साठतात हे उष्णतेच्या उदाहरणावरून दिसते. महासागराच्या पृष्ठावर दर चौ. मी.ला केवळ १ वॉट एवढा अभिवाह चुकून जास्त दिला गेला आणि ती उष्णता वरच्या १०० मी. थरातच राहिली असे मानल्यास, दहा वर्षांत त्या थराचे तापमान सु. ०·८° से.ने वाढेल. पूर्वीच्या अनेक संयुक्त प्रतिमानांत अशी भरकट थांबविण्यासाठी अभिवाहांत कृत्रिम दुरुस्ती करावी लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून घटक व संयोजन सुधारल्यामुळे ही प्रथा बव्हंशी मागे पडली.

वेग : घटक वेगळे केल्याने संगणकाचा वेग घटतो, असा आक्षेप घेतला जातो. तो कितपत खरा हे घटकाचा आकार आणि हाक मारण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. एका कोष्ठाच्या आकडेमोडीस १०० क्रिया लागत असतील आणि घटकाला हाक मारण्यास १० क्रियांइतका वेळ लागत असेल, तर प्रत्येक कोष्ठासाठी स्वतंत्र हाक मारल्यास आकडेमोडीच्या दहा टक्के जादा वेळ खर्ची पडतो. दहा हजार कोष्ठांची मूल्ये एकत्र देऊन एकदाच हाक मारली, तर हा खर्च दहा लक्ष क्रियांमागे दहा क्रिया इतका नगण्य होतो. म्हणून वैज्ञानिक सदृशीकरणातील घटक मोठे ठेवतात व त्यांच्यात सुट्या मूल्यांऐवजी मूल्यांच्या मोठ्या सरणी पाठवितात. शक्य तेथे सरणीची नवी प्रत न करता ती स्मृतीत कोठे आहे एवढेच कळविले जाते.

दुसरा प्रश्न प्रोसेसरांच्या वाटणीचा आहे. समजा, १,००० प्रोसेसरांवर एका दिवसाच्या सदृशीकरणास वातावरणाच्या घटकाला ४० मिनिटे व महासागराच्या घटकाला १० मिनिटे लागतात. दोन्ही एकामागून एक चालविल्यास ५० मिनिटे लागतील. दोन्ही एकाच वेळी चालवून प्रोसेसर निम्मे-निम्मे वाटले, तर वातावरणाला ८० मिनिटे लागतील व महासागराचे प्रोसेसर त्यांपैकी ६० मिनिटे रिकामे राहतील. ८०० व २०० अशी वाटणी केल्यास दोन्ही घटक ५० मिनिटांत संपतात. कागदावर यात लाभ दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र प्रोसेसर वाढवीत गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याला येणारे काम कमी व शेजाऱ्यांशी बोलणे जास्त होते. त्यामुळे प्रत्येक घटकाला मर्यादित प्रोसेसर देऊन सर्व घटक एकाच वेळी चालविणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. त्याबद्दल द्यावी लागणारी किंमत अशी की, प्रत्येक घटकाला दुसऱ्याची किंचित जुनी, मागील देवघेवीच्या वेळची मूल्ये वापरावी लागतात.

भारतातील कार्य : पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये परम ८००० हा समांतर महासंगणक तयार झाला [⟶ महासंगणक]. पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली असून मॉन्सूनचा अभ्यास हे तिचे मुख्य कार्य आहे. केंद्र शासनाच्या मॉन्सून मिशन या योजनेखाली २०१२ पासून या संस्थेने अमेरिकेतील सीएफएस या संयुक्त प्रतिमानाची दुसरी आवृत्ती आधारभूत धरून काम केले. या प्रतिमानात वातावरणाचा जीएफएस, महासागराचा मॉम ४ आणि भूपृष्ठाचा नोहा हे घटक व समुद्रबर्फाचा एक घटक आहे. वातावरण व महासागर यांच्यात दर अर्ध्या तासाला उष्णता व संवेग यांची देवघेव होते आणि अभिवाहांत कृत्रिम दुरुस्ती केली जात नाही.

मूळ प्रतिमानात भारतीय भूभागावर पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी व समुद्रपृष्ठ प्रत्यक्षापेक्षा थंड दाखविण्याचा दोष होता. घटक वेगळे असल्यामुळे ढगांची निर्मिती, भूपृष्ठ, महासागर इ. विषयांवरील सुधारणा वेगवेगळ्या अभ्यासगटांना करून पाहता आल्या. तसेच वातावरणाचे जालक सु. १०० किमी.वरून सु. ३८ किमी.पर्यंत बारीक करण्यात आले. भारतीय हवामान विभागाने २०१७ पासून ऋतुकालीन अंदाजाकरिता या प्रतिमानाचा उपयोग केला. याच पायावर महासागराचा घटक बदलून, त्यात सागरी जीवसृष्टीच्या रसायनक्रियांची भर घालून, पुढील आवृत्तीत वातावरणाच्या माथ्यावरील ऊर्जेचा असमतोल पुष्कळ कमी करून संस्थेने स्वतःचे पृथ्वी-प्रणाली प्रतिमान सिद्ध केले. जागतिक जलवायुमान प्रतिमानांच्या तुलनेच्या सहाव्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात (सीएमआयपी ६) सहभागी झालेले ते पहिले भारतीय प्रतिमान होय. परक्या देशात तयार झालेली आज्ञावली जशीच्या तशी वापरणे आणि तिचा एकेक घटक समजून घेऊन आपल्या प्रदेशाच्या गरजेप्रमाणे बदलणे, यांतील अंतर या उदाहरणावरून लक्षात येते.

संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष (सेकंदाला सु. ४ सहस्र लक्ष कोटी क्रिया) आणि २०२४ मध्ये अर्क (सु. ११·७७ सहस्र लक्ष कोटी क्रिया) हे महासंगणक कार्यान्वित झाले. ६ किमी. जालकाची भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाज-प्रणाली मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली. नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात ब्रिटिश हवामान खात्याच्या प्रतिमानावर आधारलेली प्रणाली वापरली जाते.

किनाऱ्याजवळील सदृशीकरण : समुद्रस्थितीचे अंदाज व उंच लाटांचे इशारे देण्याचे काम हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) करते. लाटांच्या अंदाजात घटकांची साखळी असते. वातावरणाच्या प्रतिमानाने दिलेला वारा वेव्हवॉच यासारख्या विस्तृत क्षेत्रावरील लाटांच्या प्रतिमानाला पुरविला जातो आणि त्याची उत्तरे किनाऱ्याजवळील बारीक जालकाच्या सीमेवर दिली जातात. येथे देवघेव एकाच दिशेने होते. त्यामुळे वाऱ्यातील चूक लाटांच्या अंदाजात तशीच उतरते. दक्षिण गोलार्धातील वादळाचा वारा चुकला, तर मालवणच्या लाटांचा अंदाज सहा दिवसांनी चुकतो.

वादळी उधाण, म्हणजे वादळाच्या वाऱ्याने व कमी दाबाने किनाऱ्यावर चढणारे पाणी, याच्या गणितासाठी अॅडसर्क व लाटांसाठी स्वॅन ही प्रतिमाने एकत्र चालविण्याची पद्धत आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जोडणीत दोन्ही प्रतिमाने एकाच त्रिकोणी जालकावर व त्याच प्रोसेसरांवर चालतात. त्यामुळे अंतर्वेशनाची गरजच राहत नाही. खोल समुद्रात मोठे व खाडीच्या मुखाशी लहान त्रिकोण घेता येत असल्याने देवबाग किंवा तळाशीलसारख्या अरुंद पट्ट्याही त्यात दाखविता येतात. स्वतंत्र संयोजक हा प्रत्येक ठिकाणी आवश्यक असतोच असे नाही, हे यावरून कळते.

चक्रीवादळाच्या सदृशीकरणात देवघेव दोन्ही दिशांनी असणे महत्त्वाचे असते. वादळ समुद्रातून उष्णता घेते, पण त्याच वेळी वाऱ्याने पाणी घुसळून खालचे थंड पाणी वर आणते आणि त्यामुळे त्याचाच जोर कमी होऊ शकतो. समुद्रपृष्ठाचे तापमान स्थिर धरणाऱ्या प्रतिमानात हा परिणाम दिसत नाही व वादळाची तीव्रता चुकण्याचा संभव असतो. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाने कोकणातील मच्छीमारांना समुद्रात असतानाच गाठले. मे २०२१ मधील तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर जाऊन १७ मे रोजी रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. अशा मार्गाने जाणाऱ्या वादळात केंद्राची वाट थोडी पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे सरकली तरी किनाऱ्यावरील वारा, लाटा व पाणी यांत मोठा फरक पडतो. होड्या केव्हा ओढून घ्यावयाच्या हा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

मर्यादा : घटकाधिष्ठित रचनेने आज्ञावलीचे व्यवस्थापन सुधारते. तिच्यामुळे विज्ञानातील अज्ञान दूर होत नाही. काही मर्यादा रचनेतूनच उद्‌भवतात. (१) निसर्गात घटकांच्या सीमा नसतात. लाट फुटताना उडणारे तुषार हवेचे की समुद्राचे, हा प्रश्न सीमा आखल्यामुळेच निर्माण होतो. (२) चार घटकांच्या प्रत्येकी तीन आवृत्त्या असतील, तर ८१ जुळण्या संभवतात. त्या सर्वांची कसून तपासणी करणे अशक्य असते, म्हणून अंदाजाला वापरलेली नेमकी जुळणी नोंदवून ठेवावी लागते. (३) एका घटकातील चूक दुसऱ्या घटकातील विरुद्ध चुकीने झाकली गेलेली असू शकते. अशा वेळी पहिला घटक सुधारून बसविल्यास एकूण अंदाज आधीपेक्षा बिघडतो आणि चांगला घटक वाईट ठरविला जातो. म्हणून प्रत्येक घटक निरीक्षणांशी स्वतंत्रपणे ताडून पाहणे व नंतर संपूर्ण प्रतिमान ताडून पाहणे, अशा दोन्ही कसोट्या आवश्यक असतात. (४) सर्वांनी तेच थोडे घटक वापरू लागल्यास निरनिराळ्या प्रतिमानांच्या चुकाही सारख्या होतात आणि त्यांच्यातील एकमत हे अचूकतेचे प्रमाण राहत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरी, कारवार व होनावर येथे तरंगत्या मापकांनी लाटांची मोजणी झालेली असून गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे. लाटांच्या घटकाची परीक्षा अशा मोजणीवरच होते. आलेखी प्रोसेसर आणि निरीक्षणांवरून शिकणाऱ्या गणितीय रीती यांचा उपयोग वाढत आहे. घटकाचे अंतरापृष्ठ स्पष्ट असेल, तर समीकरणे सोडविणाऱ्या घटकाच्या जागी अशा शिकलेल्या रीतीचा घटक बसवून दोहोंची उत्तरे ताडून पाहता येतात. तथापि नव्या घटकाने वस्तुमान व ऊर्जा यांची अक्षय्यता पाळली की नाही, हे सांध्यावर तपासण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. किनाऱ्यावरील मच्छीमाराला मिळणारा अंदाज एका वाक्याचा असतो. तो कोणत्या घटकांतून व कोणत्या सांध्यांतून आला हे त्याला दिसत नाही. म्हणून ते सांधे तपासण्यायोग्य ठेवणे हे आज्ञावली रचणाऱ्याचे काम असते.